मार देल प्लाताची शर्यत

किंग्ज इंडियन बचावाचा एखादा डाव पंधराव्या-सोळाव्या चालीला थांबवून पाहिला, तर नवख्या माणसाला वाटतं की दोघं खेळाडू एकमेकांशी खेळतच नाहीयेत. पांढरा पटाच्या डाव्या अंगाला, म्हणजे वजिराच्या बाजूला, प्यादी रेटतोय आणि हत्ती सी स्तंभावर आणतोय. काळ्याचं तिकडे जणू लक्षच नाही. त्यानं स्वतःच्याच राजापुढची प्यादी एकामागून एक पुढे काढली आहेत आणि घोडे, हत्ती सगळे त्यांच्या मागे गोळा केले आहेत. मधोमध दोघांची प्यादी डोक्याला डोकं लावून उभी आहेत, आणि ती डाव संपेपर्यंत बहुधा तशीच राहणार आहेत.

या रचनेला मार देल प्लाता प्रकार म्हणतात. किंग्ज इंडियनची ही मुख्य वाट. तिच्यावर जाडजूड पुस्तकं निघाली आहेत आणि त्या पुस्तकांतल्या वीस-वीस, पंचवीस-पंचवीस चाली घोकणारी मुलं स्पर्धेच्या हॉलमध्ये हमखास भेटतात. तरी चोविसाव्या चालीला समोरच्यानं वेगळं काही केलं की तीच मुलं गांगरतात. कारण इथली जवळजवळ प्रत्येक चाल वरवर उलटी दिसते: चांगल्या जागी बसलेला घोडा मागे घ्यायचा, बाहेर काढलेला उंट परत घरी न्यायचा, राजाला उघडं पाडायचं. या सगळ्या उलट्या चालींची किल्ली एका साध्या गोष्टीत आहे. केंद्र बंद झालं की आपली प्यादी ज्या दिशेला तोंड करून उभी असतील, त्या दिशेला खेळायचं. ही गोष्ट एकदा कळली की निम्म्या चाली पाठ करायची गरजच उरत नाही.

आधी नावाबद्दल थोडं. त्यातल्या ‘इंडियन’चा धागा कोलकात्यापर्यंत जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे जॉन कॉक्रन नावाचे बॅरिस्टर होते, त्या काळातले ब्रिटनचे नामांकित बुद्धिबळपटू. महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाशी ते वर्षानुवर्षं खेळले, आणि त्यातले पुष्कळ डाव नोंदले गेले म्हणून आज आपल्याला पाहता येतात. युरोपातला शिरस्ता असा की समोरच्यानं मधलं प्यादं दोन घरं टाकलं की आपणही तसंच टाकून त्याला अडवायचं. बॅनर्जी तसं करत नसत. ते जी प्यादं एक घर पुढे घेत, उंट जी७ वर बसवत आणि समोरच्याला खुशाल केंद्र बांधू देत. प्याद्यानं कायम एकच घर चालायचं, किल्लेकोट नाही, राजाला एकदाच घोड्याची उडी, अशा देशी नियमांत वाढलेल्या माणसाला ही संथ मांडणी अगदी स्वाभाविक वाटली असणार. १८५५ मध्ये त्यांनी कॉक्रनविरुद्ध जो बचाव खेळला, तो आज अर्न्स्ट ग्रुनफेल्डच्या नावानं ओळखला जातो. ग्रुनफेल्डनं तो आणला १९२२ मध्ये. (कॉक्रनच्या नावाचा गँबिट मात्र आहे, आणि त्याचा १८४८ मधला बळीही बॅनर्जीच. पुस्तकांत नाव कुणाचं लागावं याला काही नियम नसतो.) १९२० च्या दशकात रेटी, निम्झोविच, टार्टाकोव्हर या मंडळींनी ‘केंद्र दुरूनही ताब्यात ठेवता येतं’ हा विचार मांडला, तेव्हा या सगळ्या मांडण्यांना इंडियन हे कुलनाम चिकटलं.

आता पट मांडा. पांढरा डी४ खेळतो, काळा घोडा एफ६. मग सी४, जी६. घोडा सी३, उंट जी७. ई४, डी६. घोडा एफ३, काळ्याचा किल्लेकोट. उंट ई२, आणि आता सहाव्या चालीला काळा प्रथमच आवाज करतो: ई५.

इथे प्रत्येक नवशिक्याला एक प्रश्न पडतो आणि तो पडायलाच हवा. ते ई५ चं प्यादं फुकट नाही का? पांढऱ्यानं डी४ वरून ते खाल्लं, काळ्यानं डी६ वरून परत खाल्लं, वजिरावर वजीर गेला, काळ्याच्या हत्तीनं डी८ वर पांढरा वजीर उचलला, आणि पांढऱ्याच्या घोड्यानं एफ३ वरून येऊन ई५ चं प्यादं गट्टम केलं. एक प्यादं खिशात. पण जी७ वरचा उंट आठवा. त्याच्या आणि ई५ च्या मध्ये काळ्याचा स्वतःचा घोडा एफ६ वर उभा आहे. तो घोडा उडी मारून ई४ चं प्यादं खातो आणि कर्ण मोकळा होतो. पांढऱ्यानं सी३ च्या घोड्यानं त्याला मारलं की उंट ई५ चा घोडा उचलतो. प्यादं वसूल, मोहरी बरोबरीत, वजीर पटाबाहेर. जिंकायला बसलेल्या पांढऱ्याला असा कोरडा डाव फारसा आवडत नाही, म्हणून तो सातव्या चालीला निमूट किल्लेकोट करतो.

काळ्याची सातवी चाल म्हणजे या ओळीचा खरा दरवाजा. घोडा सी६. जुने लोक हा घोडा डी७ ला काढत. पुढे ई५ चं प्यादं डी४ वर बदलून जी७ च्या उंटाचा लांब कर्ण उघडायचा, अशी तेव्हाची एक मोठी कल्पना होती. १९४६ च्या प्राग-मॉस्को सामन्यात डेव्हिड ब्रॉनस्टाइननं पाखमन आणि झिता या दोघांना काळ्या मोहऱ्यांनी त्याच कर्णावरून उद्ध्वस्त केलं, आणि तोवर संशयास्पद मानला जाणारा हा बचाव एकदम प्रतिष्ठित झाला. ब्रॉनस्टाइन आणि त्याचे युक्रेनमधले सहकारी बोलेस्लाव्स्की, कॉन्स्टँटिनोपोल्स्की यांनी त्यासाठी आधी काही वर्षं घासली होती. घोडा सी६ मात्र उलट विचारानं येतो. तो पांढऱ्याला डिवचतो: ढकल तुझं डी प्यादं, मला हाकल, केंद्र बंद कर.

पांढरा ढकलतो. डी५. घोडा ई७ वर जातो.

आता हात पटावरून काढा आणि नुसती प्यादी पाहा. पांढऱ्याची ई४, डी५ अशी तिरकी साखळी, तिचं टोक वजिराच्या बाजूला रोखलेलं. काळ्याची डी६, ई५, टोक राजाच्या बाजूला. साखळी तोडायची तर तिच्या मुळावर घाव घाला, हे निम्झोविचनं ‘माय सिस्टिम’मध्ये सांगून ठेवलंय. काळ्याच्या साखळीचं मूळ डी६, म्हणून पांढऱ्याला सी५ ढकलायचंय. पांढऱ्याच्या साखळीचं मूळ ई४, म्हणून काळ्याला एफ५ हवंय. पुढच्या दहा-पंधरा चालींचा सगळा खटाटोप या दोन घावांसाठी आहे.

म्हणूनच नववी चाल घोडा ई१. पांढऱ्याचा एफ३ वरचा सुरेख घोडा पहिल्या रांगेत परत! पण केंद्र बंद असताना एफ३ वर त्याला काही काम नाही. ई१ वरून तो डी३ ला येईल आणि सी५ ला जोर देईल. शिवाय एफ३ हे घर प्याद्यासाठी मोकळं होतं, म्हणजे ई४ ला टेकू. काळ्याचं उत्तरही तितकंच उफराटं, घोडा डी७. एफ स्तंभावरचं प्यादं मोकळं करायचं आणि जाता जाता सी५ वर नजर ठेवायची, अशी दोन कामं एका चालीत. मग उंट ई३ किंवा घोडा डी३, काळ्याचं एफ५, पांढऱ्याचं एफ३.

इथे काळा एफ४ ढकलतो आणि चांगला क्लबचा खेळाडूसुद्धा भुवया उंचावतो. साखळीच्या मुळावर दाब आणला होता ना, मग तो सोडून पुढे कशाला जायचं? ई४ वर अदलाबदल केली तर पांढरा एफ३ नं परत खातो, त्याचे मोहरे सुटे होतात आणि काळ्याच्या हाती थोडीफार एफ स्तंभाची हवा लागते. एफ४ नंतर मात्र नवं मूळ तयार होतं, एफ३ चं. त्याच्यावर जी५, जी४ असा घाव येणार, आणि त्या घावाच्या मागे पांढऱ्याचा राजा बसलेला आहे. केंद्र आता पुरतं बंद झालं. ते बंद आहे म्हणूनच काळ्याला स्वतःच्या राजापुढची प्यादी उधळायची मुभा आहे. मधून कुणी येऊन त्याच्या राजाला धरणार नाही. उघड्या केंद्राच्या डावात हीच प्यादी अशी ढकलली तर दहा चालींत मात बसेल.

यापुढे दोघंही आपापल्या बाजूला धावतात. पांढरा सी५, मग डी६ वर अदलाबदल, हत्ती सी१, घोडा बी५, वजीर सी२, आणि सी७ या घरातून आत शिरायचं. काळा जी५, घोडा एफ६, घोडा जी६, एच५, जी४. शर्यतीत वेग दोघांचा जवळपास सारखा. पांढरा खरं तर एखादी चाल पुढेच असतो. पण बक्षिसं सारखी नाहीत. एकाला शेत लुटायचंय आणि दुसऱ्याला थेट धन्यालाच पकडायचंय. पांढरा आधी पोचला तर त्याला एक प्यादं मिळेल, फार तर हत्ती मिळेल. काळा पोचला तर डाव संपतो. या असमानतेवरच काळा जगतो, आणि म्हणून पांढऱ्यानं खेळताना एक नजर सतत उजवीकडे ठेवावी लागते.

या धावपळीत काळा मध्येच थांबून दोन विलक्षण चाली करतो: हत्ती एफ७, उंट एफ८. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, घाईच्या वेळी हा घर काय आवरत बसलाय. नीट बघा. एफ७ वरून हत्ती सातव्या रांगेतून आडवा सी७ वर पहारा देतो, म्हणजे पांढरा जिथून आत येणार त्या दारावर. जी७ चा उंट ई५ च्या प्याद्यामागे गुदमरला होता. एफ८ ला जाऊन तो डी६ चं दुबळं प्यादं राखतो. आणि त्यानं जी७ सोडल्यामुळे हत्तीला तिथे येता येतं, थेट पांढऱ्याच्या राजासमोरच्या स्तंभावर. दोन चालींत तीन कामं. बचाव आणि हल्ला एकाच मोहऱ्याकडून करून घेण्याची इतकी नेटकी तजवीज ओपनिंगच्या पुस्तकांत फार सापडत नाही.

आणखी एक मोहरा बघण्यासारखा आहे: काळ्याचा सी८ वरचा उंट. विसाव्या चालीपर्यंत तो बहुतेक वेळा जागचा हललेलाही नसतो, आणि तरी काळ्याच्या सैन्यातला सगळ्यांत मोलाचा तोच. सी८ पासून एच३ पर्यंतचा कर्ण त्याच्या ताब्यात. जी४ ला जोर तो देतो, आणि पांढऱ्यानं एच३ खेळून दार लावलं तर ते दार फोडायला स्वतःचा बळी देणाराही बहुधा तोच. पांढऱ्याच्या जाणकार खेळाडूंना हे ठाऊक असतं, म्हणून बी५ वर आलेला घोडा कधीकधी ए७ चं प्यादं खातो. ते प्याद्याच्या लोभानं नसतं. तिथून पुढची उडी सी८ वर पडते. चार-पाच चाली खर्चून आणलेला धडधाकट घोडा एका न हललेल्या उंटासाठी देऊन टाकायचा आणि तोही आनंदानं! हा उंट गेला की काळ्याच्या हल्ल्यातला दम निम्मा होतो. माझ्या मते या ओळीची समज कुणाला किती आहे हे ओळखायची ही सोपी खूण आहे: काळ्या बाजूचा खेळाडू सी८ चा उंट किती सहज बदलून टाकतो ते पाहायचं.

हे सगळं जगापुढे आलं ते १९५३ मध्ये. मार देल प्लाता हे अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावरचं गाव, तिथे दरवर्षी मोठी स्पर्धा भरायची. त्या वर्षी मिगेल नायडॉर्फ पांढऱ्या मोहऱ्यांनी बसला होता. मूळचा पोलंडचा. १९३९ मध्ये ब्युनोस आयर्सच्या ऑलिंपियाडला आला असताना युरोपात महायुद्ध पेटलं, तो तिथेच राहिला आणि अर्जेंटिनाचा झाला. समोर बेलग्रेडचा स्वेतोझार ग्लिगोरिच, युद्धात पार्टिझानांबरोबर लढलेला. ग्लिगोरिचनं हीच योजना राबवली, एफ५-एफ४, जी५, आणि नायडॉर्फला हरवलं. त्यावरून या प्रकाराला त्या गावाचं नाव पडलं. नायडॉर्फनं मात्र पराभव मनाला लावून न घेता शस्त्र उचलून घेतलं. त्याच वर्षी झुरिकला जगज्जेतेपदाच्या आव्हानवीरांची थोरली स्पर्धा झाली. तिथे त्यानं मार्क ताइमानोव्हविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी तोच प्रकार खेळून डाव जिंकला. झुरिकच्या त्या स्पर्धेवर ब्रॉनस्टाइननं लिहिलेलं पुस्तक पुढे कित्येक पिढ्यांनी वाचलं, आणि ताइमानोव्ह-नायडॉर्फ हा डाव किंग्ज इंडियन शिकणाऱ्याच्या वाट्याला हमखास यायला लागला.

पण एकच डाव दाखवायचा झाला तर मी दाखवीन १९८९ चा टिलबर्गचा. पांढरा नेदरलँड्सचा येरून पिकेट, काळा गॅरी कास्पारोव्ह. विश्वविजेतेपद कास्पारोव्हकडे होतंच. दोन-तीन महिन्यांतच, जानेवारी १९९० मध्ये, तो २८०० रेटिंग गाठणारा पहिला खेळाडू झाला. पिकेटनं उंट ई३ चा प्रकार निवडला. काळ्याच्या एफ४ नंतर त्याचा उंट एफ२ ला सरकला. मग त्यानं बी४, सी५, डी६ वर अदलाबदल, हत्ती सी१, ए४, ए५ असं वजिराच्या बाजूला जोरात रान उठवलं. कास्पारोव्हनं मधल्या वेळात हत्ती एफ७, उंट एफ८, उंट डी७ अशी तयारी केली आणि जी४ ढकललं.

विसाव्या चालीला पिकेटचा घोडा बी५ वरून सी७ वर आला, ए८ च्या हत्तीवर. साधा माणूस हत्ती हलवील. कास्पारोव्हनं त्याच्याकडे पाहिलंही नाही, जी३ खेळला. प्यादं एफ२ च्या उंटावर. पिकेटनं हत्ती खाल्ला. आता तरी उंट खायचा? नाही, घोडा एच५. आधी एक पूर्ण हत्ती पाण्यात सोडलेला, समोरचा उंट तोंडाशी, आणि हा पठ्ठ्या आणखी एक मोहरा हल्ल्यात आणतोय. पिकेटनं राजा कोपऱ्यात एच१ ला नेला. मग प्याद्यानं उंट खाल्ला, पिकेटच्या हत्तीनं एफ२ वर ते प्यादं उचललं, आणि काळ्याचा घोडा जी३ वर शह देत येऊन बसला. त्याला एच प्याद्यानं खावं, तर काळ्याचं एफ प्यादं परत खाणार, एच स्तंभ उघडणार आणि वजीर एच४ वर येणार. त्यानंतर राजाला जागा नाही. पिकेट जी१ ला परतला. आत्ता कुठे कास्पारोव्हच्या वजिरानं सवडीनं ए८ वर अडकलेला घोडा वसूल केला.

आणि आता शेवट. हल्ला राजाच्या बाजूला चाललेला असताना काळ्याचा वजीर पार ए कोपऱ्यात गेलेला. काही चालींनंतर तो ए८ वरून ए७ ला आला. पट असेल तर बोट ठेवून बघा: ए७, बी६, सी५, डी४, ई३, एफ२, जी१. तो सबंध कर्ण मोकळा आहे, कारण सी प्यादं पिकेटनंच पुढे ढकलून बदलून टाकलं होतं. एफ२ वर हत्ती, त्याच्या मागे राजा, हत्ती जखडलेला. पांढऱ्यानं वजिराच्या बाजूला जी वाट उघडली, त्याच वाटेनं काळ्याचा वजीर आत बघत होता. पिकेटनं बी५ वर उंटानं प्यादं घेतलं आणि कास्पारोव्हची अठ्ठाविसावी चाल आली: घोडा एच१. पटाचा कोपरा, जिथे घोडा कधीच नेऊ नये असं पहिल्या दिवशी शिकवतात तिथे. पण तिथून तो एफ२ वर मारा करतो. वजिराचा आणि घोड्याचा दुहेरी मार, हत्ती जागचा हलू शकत नाही. राजानं घोडा खाल्ला तर वजीर एफ२ ला येऊन पडतो. पिकेटनं तिथेच डाव सोडला.

असे डाव पाहिले की वाटतं, पांढऱ्यानं या वाटेला जावंच कशाला. पांढऱ्याची बाजूही ऐकायला हवी. व्हिक्टर कॉर्चनॉयसारख्या हट्टी माणसानं आयुष्यभर काळ्याचा हा हल्ला अंगावर घेतला आणि थंडपणे वजिराच्या बाजूचं पीक कापून नेलं. डी३ वरचा घोडा एफ२ ला आणून जी४ आणि एच३ ही दोन्ही घरं सांभाळायची, उंट ई३ ऐवजी डी२ ला ठेवायचा म्हणजे जी३ च्या धक्क्यात तो सापडत नाही, असे अनेक बारकावे त्या बाजूनं घडवले गेले. त्या प्रकारात काळ्यालाही धावता धावता घोडा ई८ ला मागे नेऊन सी७ आणि डी६ राखावं लागतं.

सर्वांत मोठा धक्का दिला तो नवव्या चालीच्या बी४ नं. यात पांढरा घोडा ई१, घोडा डी३ वगैरे तयारी करतच नाही, एकदम प्यादं पुढे टाकतो. सी५ दोन चाली आधी येतं. कल्पना जुनी, पण १९९० च्या दशकात व्लादिमीर क्रॅमनिकनं तिला दहाव्या चालीचं हत्ती ई१ जोडून धार लावली. काळ्याचा घोडा एच५ वरून एफ४ कडे निघाला, तर ई२ च्या उंटाला एफ१ हे घर तयार. शिवाय पांढऱ्याचा घोडा एफ३ वरच असल्यानं काळ्यानं एफ५ ढकललं रे ढकललं की तो जी५ वर उडी घेतो आणि तिथून ई६ च्या पोकळ घरात. तिथे बसलेला घोडा म्हणजे काळ्याच्या घशातला काटा. १९९७ मध्ये नोव्हगोरोदला क्रॅमनिकनं या प्रकारानं कास्पारोव्हला हरवलं, आणि ज्या माणसानं कारपॉव्हविरुद्ध १९९० च्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातसुद्धा किंग्ज इंडियन खेळायचं धाडस केलं होतं, त्यानं त्यानंतर हा बचाव जवळजवळ बाजूलाच ठेवला.

बचाव मेला मात्र नाही. अझरबैजानच्या तैमूर राजाबोव्हनं बी४ विरुद्धच काळी बाजू घेऊन दाखवली. हिकारू नाकामुरानं २०१० मध्ये तुर्कस्तानात बुर्सा इथे जागतिक सांघिक स्पर्धेत बोरिस गेल्फांडला याच बंद केंद्राच्या रचनेत, थोड्या वेगळ्या चालक्रमानं, राजाच्या बाजूच्या प्याद्यांनी चिरडलं. आजची इंजिनं विचाराल तर ती आठव्या चालीलाच पांढऱ्याला स्पष्ट सरस ठरवतात आणि काळ्याकडे बघून नाक मुरडतात. त्यांचं चुकीचं आहे असं म्हणायची माझी छाती नाही. पण इंजिनाला राजावर चालून येणाऱ्या प्याद्यांची भीती वाटत नाही, घड्याळात सात मिनिटं उरलेल्या माणसाला वाटते. अव्वल पातळीवर काळ्यासाठी हा बचाव आज जोखमीचा आहे. जिल्हा किंवा राज्य स्पर्धेत खेळणाऱ्याला तो अजूनही डाव जिंकून देतो, कारण तिथे चुकीची किंमत दोघांना सारखी मोजावी लागत नाही. पांढऱ्याची एक चूक म्हणजे मात, काळ्याची एक चूक म्हणजे बहुधा एक प्यादं.

शिकायचं असेल तर पुस्तकातल्या शाखा-उपशाखांपासून सुरुवात करू नका. चार डाव घ्या, याच क्रमानं: नायडॉर्फ-ग्लिगोरिच, ताइमानोव्ह-नायडॉर्फ, पिकेट-कास्पारोव्ह आणि शेवटी क्रॅमनिक-कास्पारोव्ह, नोव्हगोरोद. चारही इंटरनेटवर फुकट मिळतात. मोबाइलवर नको, खऱ्या पटावर मांडा, इंजिन बंद ठेवा, आणि प्रत्येक चालीला थांबून विचारा की ही चाल सी५ साठी आहे, जी४ साठी आहे की समोरच्याची धाव लांबवण्यासाठी. पहिले तीन डाव पाहून काळ्यानं खेळायचा मोह होईल, चौथा पाहिल्यावर पांढऱ्यानं. मग कुणीतरी बरोबरीचा गाठा आणि आठव्या चालीनंतरची स्थिती मांडून दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून खेळा. काळ्यानं खेळताना सी८ चा उंट तेवढा सांभाळा.